सोपंसं काय आणू?

कोजागिरी जवळ आली, की गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये एक यादी फिरू लागते. पूर्वी ती वहीच्या पानावर वॉचमनच्या हातून घरोघर जायची. आता मोबाइलच्या पडद्यावर फिरते, एवढाच फरक. मसाला दूध सोसायटीतर्फे, बाकी प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणायचा. पहिल्या तासाभरात वेफर्स, कागदी पेले, पाण्याच्या बाटल्या असे मोक्याचे भूखंड पटापट विकले जातात. मग उरलेल्या मंडळींची खासगी विचारपूस सुरू होते : ‘अगं, सोपंसं काय आणू?’

प्रश्न साधा दिसतो. विचारणारी बाई बहुधा दिवसभराच्या कामानं दमलेली असते, दुसऱ्या दिवशी मुलाची परीक्षा असते आणि घरात जेमतेम तीन वाट्या पोहे असतात. तिला पाककृती नको असते. पाककृती हव्या तेवढ्या मिळतात. तिला हवं असतं ते आश्वासन. मी साधं काही नेलं तर चालेल ना? शेजारच्या घरचं तीन थरांचं, वर बदामाचे काप पेरलेलं काहीतरी टेबलावर मिरवत असताना माझा डबा केविलवाणा तर नाही ना दिसणार? बँकेच्या नोकरीत आणि नंतर निवृत्तीतही मी अशा अनेक याद्या पाहिल्या, काही स्वतः केल्या. त्यावरून माझं मत असं झालं आहे, की या प्रश्नातला ‘सोपं’ हा शब्द मोठा लबाड आहे. सोपं कोणाला, हे तो सांगतच नाही.

या प्रकाराला हल्ली ‘पॉटलक’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द रुळवला तो बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या लेकी-सुनांनी. तिथल्या मराठी घरांतल्या संक्रांती नि दिवाळ्या पुष्कळदा याच रीतीनं पार पडतात, कारण हाताखाली कोणी नसताना तीस माणसांचं एकटीनं रांधायचं म्हणजे कंबरडं मोडायचीच वेळ. शब्द मात्र इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे आणि गंमत म्हणजे त्याचा मूळ अर्थ वेगळाच होता. अवचित पाहुणा दारात आला, तर त्या दिवशी चुलीवरच्या भांड्यात जे शिजलं असेल ते त्याचं नशीब! प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, हा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला. आपल्या आज्या ‘असेल ते वाढ गं’ म्हणत, त्यापेक्षा हे काही निराळं नव्हे.

आणि रीत तर आपल्याला मुळीच नवी नाही. काला म्हणजे दुसरं काय? सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र सोडायच्या, कोणाचे पोहे, कोणाच्या लाह्या, कोणाचं दही, कोणाचं लोणचं, सगळं कालवायचं आणि मग कोणाचं काय होतं ते शोधायचं नाही. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो आणि मगच वारकरी परतीची वाट धरतात. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली घरोघरचे डबे उघडले जात. शाळेत आपण अंगतपंगत केली आहे. पण मला या सगळ्यांत अधिक शहाणी वाटते ती भोंडल्याची खिरापत. हत्तीभोवती फेर संपला, की झाकलेला डबा मध्ये यायचा. मुली तो हलवून आवाज ऐकायच्या, वास घ्यायच्या, ‘गोड की तिखट?’ विचारायच्या. ओळखता आली नाही तर आणणारीची कॉलर ताठ. लक्षात घ्या, खिरापत करायला अवघड असून उपयोग नव्हता. ती ओळखायला अवघड हवी. बुंदीचे लाडू आणणारी पहिल्या फेरीत हरायची आणि भिजवलेल्या हरभऱ्यांत गूळ घालून आणणारी पोर जिंकायची. स्पर्धा होतीच, पण ती पैशाची किंवा कष्टाची नव्हती.

तर मग सोपा पदार्थ कोणता? माझी कसोटी अशी, की घरून निघाल्यापासून पानात पडेपर्यंत ज्याला कोणाची मनधरणी करावी लागत नाही, तो. ‘जरा गॅस देता का, पाचच मिनिटं’ असं म्हणत दहा जणी यजमानीणबाईंच्या ओट्याभोवती उभ्या राहिल्या, की त्या घरातलं अगत्य कुठवर टिकणार? साबुदाण्याची खिचडी करायला सोपी खरी, पण ती गरमच खावी. गार झाली की चिवट होते, आणि पुन्हा तापवली की तिचा गोळा. कांदेपोहे तासाभरात कोरडे पडतात आणि घशाशी अडतात. बटाटेवडे डब्यात कोंडले की स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतात. आमटी, सार, रस्सा यांनी रिक्षात काय होतं, हे ज्यांच्या साडीवर झालं आहे त्यांना विचारावं. कोशिंबीर न्यायची तर मीठ आणि दही वेगळं न्यावं, नाहीतर पोहोचेपर्यंत काकडी पाण्यात पोहू लागते.

उलट काही पदार्थ प्रवासासाठीच जन्मलेले असतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटी ही जुन्या लोकांची एस.टी.तली आणि रेल्वेतली सोबत. ती थांबायला शिकलेली असतात. पुरणपोळी तर दुसऱ्या दिवशी अधिक बरी लागते असं मानणारा एक मोठा पंथ आहे, मीही त्यातलीच. दहीभात नेणारीनं भात गार झाल्यावर त्यात दूध सढळ हातानं घालावं आणि दही जेमतेम चमचाभर. वाटेत विरजण आपलं काम करतं आणि जेवायच्या वेळी भात आंबट न होता बेताचा लागतो. ही युक्ती कोणत्याही सुगरणीच्या घरात सापडेल, पण ती कोणी सांगत नाही, कारण ती पदार्थात मोजत नाहीत.

माझ्या मते या सगळ्यांचा राजा म्हणजे दडपे पोहे. चूल पेटते ती फक्त फोडणीपुरती. पातळ पोहे, ओला नारळ, नारळाचंच पाणी, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ, चवीला साखर. हे सगळं हलक्या हातानं कालवून वर झाकण ठेवायचं आणि त्यावर काहीतरी जड. दडपून ठेवतात म्हणून दडपे. अर्ध्या-पाऊण तासात ते मुरतात. म्हणजे तुम्ही घरातून निघून पोहोचेपर्यंतचा वेळ वाया न जाता कामी येतो. शेंगदाणे घातलेली हिंग-मोहरीची फोडणी आणि भाजलेले पोह्याचे पापड वेगळे न्यावेत, वाढायच्या वेळी पापड वर चुरावेत. ऑक्टोबरच्या उन्हात ओला नारळ लवकर आंबतो, म्हणून सकाळी कालवून रात्रीपर्यंत ठेवण्याचा मोह टाळावा. बाकी यात चुकण्यासारखं काही नाही. आणि हो, वाढायचा डाव आपला आपण न्यावा. वीस पदार्थ आणि चार चमचे, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलं आहे, की मोजणं सोडून दिलं आहे.

विकत आणलेलं चालतं का? चालतं. न चालायला काय झालं?

आता थोडं आकड्यांचं, कारण बँकेची सवय जात नाही. समजा, पंधरा घरं आणि पन्नास माणसं आहेत. प्रत्येक घर ‘कमी पडायला नको’ म्हणून आपला पदार्थ पन्नास जणांना पुरेल एवढा करतं. म्हणजे टेबलावर साडेसातशे वाढी झाल्या. एक माणूस हौसेनं फार तर पाच-सहा पदार्थांना हात लावील. तीनशेच्या आत काम आटोपलं. उरलेल्या साडेचारशेंचं काय? त्या रात्री साडेअकरा वाजता ‘तुम्ही न्या हो’, ‘नाही नाही, तुम्हीच न्या’ असं करत एकमेकींच्या पिशव्यांत कोंबल्या जातात आणि तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात पडतात. हा व्यवहार कोणत्याही शाखाधिकाऱ्यानं मंजूर केला नसता. पंधरा पदार्थ असतील तर आपला पदार्थ वीस जणांपुरता करावा. एखादा पदार्थ संपला तर संपला. संपलेलं पातेलं ही करणाऱ्याला मिळालेली पावती असते. उरलेलं पातेलं ओढत घरी नेताना जो जीव थोडा होतो, त्याची कल्पना न करणाऱ्यांना येत नाही.

हे ‘न करणारे’ म्हणजे कोण, तेही बोलायला हवं. मी १९८२ साली बँकेत लागले. त्या काळातल्या आमच्या डबा पार्टीच्या याद्या मला अजून पाठ आहेत. बायकांच्या नावापुढे पुलाव, भरली वांगी, अळूवड्या, बासुंदी. पुरुषांच्या नावापुढे थंड पेयं, वेफर्स, पत्रावळी आणि केळी. लेजर दोघंही तेवढंच लिहीत होतो, काउंटरही तेवढाच सांभाळत होतो. एकदा एका सहकाऱ्यापुढे ‘बटाट्याची भाजी’ लिहिली तेव्हा तो हसत म्हणाला, ‘म्हणजे हिच्याचकडे काम आलं.’ सगळे हसले. ही तिथे हजर नव्हती. आजच्या यादीत फरक इतकाच, की नावं फ्लॅटच्या क्रमांकानं असतात. बी-४०३ : छोले. बी-४०३ मध्ये चार माणसं राहतात. छोले कोण करतं, ते यादी सांगत नाही. तेव्हा नवऱ्यांना आणि मोठ्या मुलांना माझी विनंती आहे, की सोपा पदार्थ हवा असेल तर तो तुम्हीच करावा, म्हणजे घरातलं काम आपोआप सोपं होईल. येत नाही, ही सबब कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० सालीच निकालात काढली आहे. त्यात वाटी-चमच्याची मापं दिलेली आहेत; ज्याला मोजता येतं त्याला रांधता येतं. बँकेत तर मोजता न येणारा माणूस नव्हता!

पण केळ्यांबद्दल मला आणखी एक सांगायचं आहे, आणि खरं म्हणजे हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखेत होते. तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपे. हिशेबबंदीच्या रात्री जागून ताळा जमला, की जानेवारीतल्या एखाद्या रविवारी सगळ्या शाखेची डबा पार्टी होई. यादी हेडकॅशियर करत. आमच्या दफ्तरीकाकांच्या नावापुढे पहिल्या वर्षी केळी होती. दुसऱ्या वर्षीही केळी. जुन्या वहीत मागची पानं होती, ती चाळली, तर त्याच्या आधीच्या दोन वर्षांतही केळीच. इतर पुरुषांची केळी आलटून पालटून बदलत होती, कोणी यंदा केळी तर पुढच्या वर्षी जिलबी; यांची मात्र कायम नेमणूक. मी हेडकॅशियरना विचारलं. ते समजूतदारपणे म्हणाले, ‘त्यांना सोपं पडावं म्हणून हो, मॅडम.’

केळं साल सोलून खातात. त्याला कोणाच्या घरचं पाणी लागत नाही, कोणाची चूल लागत नाही, कोणाचा हात लागत नाही. दफ्तरीकाका गावाबाहेरच्या वस्तीत राहत. याहून स्पष्ट कोणी कधी बोललं नाही आणि बोलण्याची गरजही कोणाला पडली नाही. ‘सोपं’ या एका शब्दात सगळं व्यवस्थित झाकलं गेलं होतं. साहेब लोकांच्या नावापुढची केळी म्हणजे सवलत होती. त्यांच्या नावापुढची केळी म्हणजे कुंपण.

मी यादीत केळ्यांपुढे माझं नाव घातलं आणि काकांना विचारलं, ‘काका, तुम्ही काय आणता?’ ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. हातातले व्हाउचरचे गठ्ठे बांधून झाले, तेव्हा म्हणाले, ‘झुणका आणू का, बाई? मीच करतो घरी. मंडळी रानात कामाला जाते, म्हणून सकाळचं माझ्याकडं असतं.’ शाखेतल्या सगळ्या पुरुषांत रोज चूल पेटवणारा हा एकटा माणूस निघाला, आणि त्यालाच आम्ही चार वर्षं केळी आणायला लावत होतो.

रविवारी त्यांनी पितळी पातेलं आणलं आणि फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी. पिठल्यापेक्षा झुणका प्रवासाला चांगला. बेताचं पाणी, कांदा भरपूर, झाकणाखाली वाफवलेला, सुटा. दोघांना त्या दिवशी नेमकं पित्त झालं. हेडकॅशियरनी चमचाभर घेतला, पानाच्या कडेला ठेवला आणि शेवटी खाल्ला की टाकला, ते मी पाहिलं नाही. बाकीच्यांनी खाल्ला. भाकरी आधी संपल्या, मग उरलेला झुणका लोकांनी माझ्या पुलावाबरोबर संपवला. (पुलाव आणि केळी, दोन्ही माझ्याकडे होती.) कोणी भाषण केलं नाही, शाखेत क्रांती झाली नाही. पुढच्या वर्षी यादीत त्यांच्या नावापुढे हेडकॅशियरच्याच अक्षरात ‘झुणका’ लिहिलेलं होतं, इतकंच झालं.

झुणका-भाकरीला या बाबतीत आपल्याकडे इतिहास आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पत्रकार आणि नाटककार अनंत हरी गद्रे, ज्यांना लोक ‘समतानंद’ म्हणत, त्यांनी १९४० च्या दशकात ‘झुणका-भाकर सत्यनारायण’ सुरू केले. पूजेला अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातलं जोडपं बसवायचं आणि प्रसाद साजूक तुपातल्या शिऱ्याचा नव्हे, तर झुणका-भाकरीचा. सगळ्या जातींनी तो एकत्र बसून खायचा. पूजेबद्दल ज्याचं त्याचं मत असो, पण पदार्थाची निवड करणाऱ्या माणसाला मी मानते. शिरा चारला असता तर ते दान दिसलं असतं. झुणका-भाकर कोणीही करू शकतो आणि कोणाच्याही घरून येऊ शकते. म्हणूनच ती खाल्ली की नाही, याला अर्थ येतो. (१९९५ नंतर एका रुपयात झुणका-भाकर देणारी सरकारी केंद्रं आली आणि गेली, ती गोष्ट वेगळी.)

आता कोणी म्हणेल, हे चाळीस वर्षांपूर्वीचं तालुक्याच्या गावचं झालं, आज शहरात कोण विचारतं? शहरातल्या याद्या नीट वाचा. ‘सर्वांना चालेल असंच आणावं’ अशी तळटीप असते. हे ‘सर्व’ कोण, हे ठरवणारे तिघं-चौघं असतात. कोणाला कांदा-लसूण वर्ज्य असतो, कोणाचा उपास असतो, कोणाला साखर बंद असते. त्यांची सोय व्हायलाच हवी, आणि ती अवघडही नाही. डब्यावर चिठ्ठी लावावी, आत काय आहे ते स्वच्छ लिहावं, डाव अदलाबदल करू नयेत. पण हळूहळू असं होतं, की सुकट आवडीनं खाणाऱ्या घरालाही आपणहून ‘आम्ही फक्त फळं आणतो’ असं लिहावंसं वाटू लागतं. त्यांना कोणी नको म्हटलेलं नसतं. त्यांनी फक्त यादी वाचलेली असते. फळं आणणाऱ्या सगळ्यांमागे असं काही असतं, असं नव्हे. पुष्कळांना खरोखरच वेळ नसतो. तरीही यादी करणाऱ्यानं एखादं नाव वर्षानुवर्षं फळांपुढेच दिसत असेल, तर त्या घरी जाऊन चहा घ्यावा आणि तुमच्याकडे रोज काय करतात, ते विचारावं.

शेवटी भांड्यांविषयी. अशा जेवणानंतर निम्मी भांडी भलत्याच घरी जातात. पूर्वी स्टीलच्या डब्यांवर नावं कोरलेली असत, लग्नात कोणी दिला, कोणत्या तारखेला, सगळा दप्तरी दाखला. त्यामुळे डबा उशिरा का होईना, घरी येई. आता सगळ्यांकडे एकसारखे प्लास्टिकचे डबे, त्यामुळे तळाशी चिकटपट्टीवर नाव लिहिणं बरं. दफ्तरीकाकांचं पितळी पातेलं त्या रविवारी माझ्याच पिशवीत आलं. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी बँकेत त्यांना म्हटलं, ‘काका, तुमचं पातेलं माझ्याकडे आहे, उद्या आणते. काय घालून देऊ?’ ते दफ्तराच्या खोलीकडे जाता जाता म्हणाले, ‘असंल ते घाला की, बाई.’ घरी त्या दिवशी वालाची उसळ होती. तीच घातली.